आवाज माझा, आकडे तुझे

शिनू, तुझी शोकसभा झाली. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये. पंखे बंद, आणि उकाडा असा की हार घातलेल्या तुझ्या फोटोलाही घाम फुटला असेल. माणसं चाळीस होती. मी बाहेर सांगताना चारशे सांगणार आहे, पण तू ऐकत असशील या धास्तीनं इथं चाळीसच लिहितो.

माजी चेअरमन आले होते. आपले आबा. चौकशी चालू असलेल्या माणसानं किती ताजंतवानं दिसावं याला काही मर्यादा असते, ती त्यांनी पाळली नव्हती. कडक इस्त्री, कपाळाला गंध, आवाजात गहिवर. म्हणाले, "श्रीनिवासराव म्हणजे आपल्या बँकेचा कणा. त्यांच्या काळात बँकेनं एकही वर्ष तोटा दाखवला नाही." मी मान वर केली. तोटा झाला नाही असं म्हणाले नव्हते, दाखवला नाही असं म्हणाले होते. तेवीस वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य तुझ्या फोटोसमोर निघालं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग माझ्याकडं वळले. "बाळू, तू त्यांचा जिवलग. बोल दोन शब्द. रडवू नको बरं का, हसव सगळ्यांना."

आणि मी उठलो, शिनू. मी हसवलं. आपले साहेब माग मोजायला गेले आणि कोंबडी मोजून आले, हा किस्सा मी रंगवून रंगवून सांगितला. हॉल गदगदला. सगळ्यात जास्त आबा हसले, डोळे पुसत हसले. ते माग कुणाच्या कारखान्यातले, हे त्या हॉलमध्ये त्यांना आणि मला दोघांनाच ठाऊक होतं. तू मेल्यावर पाचव्या दिवशी मी त्याच माणसाला हसवत उभा होतो. बसलो तेव्हा तोंड कडू झालं होतं, आणि ते अजून तसंच आहे. म्हणून हे लिहायला घेतलंय. लिहिताना मध्ये कुणी हसत नाही, ही एक सोय.

आपलं भांडण काय होतं ते आठवतंय? बँक कशावर कमावते. एवढंच. वीस वर्षं आपण त्यावर भांडलो, नव्या पेठेतल्या चहाच्या गाड्यावर, रोज साडेतीनला. तू काचेच्या केबिनमधला मुख्य अकाउंटंट, आणि मी पिग्मीवाला. रोज दुकानोदुकानी फिरून दहा, वीस, पन्नास गोळा करायचे, पावती फाडायची, संध्याकाळी बँकेत भरायचे. मी म्हणायचो, "बँक माझ्या पायांवर उभी आहे. मी एक दिवस झोपलो तर तुमच्या तिजोरीत उंदीर नाचतील." तू चहा फुंकत म्हणालास, "तुझे पाय बँकेला महाग पडतात, बाळ्या."

मी पेटलो. तू शांतपणे सांगत राहिलास. गिऱ्हाइकाला व्याज, वर तुझं कमिशन, वर पावतीबुकं. त्यापेक्षा व्यापाऱ्यांच्या चालू खात्यात पडून राहणारा पैसा बँकेला स्वस्त, त्याला व्याजच द्यावं लागत नाही. "तू आणतोस तो पैसा चांगला आहे," म्हणालास, "कारण तो गरिबाचा आहे आणि गरीब उठसूट काढायला येत नाही. पण तो फुकट नाही." मी सहा महिने तुझ्याशी बोललो नाही. बरं, दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत.

शाईचे डाग पडलेली तुझी दोन बोटं मला अजून दिसतात. टेबलावर समोरासमोर धरायचास. "हे ठेवीचं व्याज, हे कर्जाचं. या दोघांत जी फट राहते तिच्यात सगळं बसवायचं. पगार, भाडं, वीज, तुझं कमिशन, आबांची गाडी. ही फट म्हणजे बँक. बाकी सगळी फरशी." मुख्य कार्यालयाला नुकतीच संगमरवरी फरशी बसली होती तेव्हाची गोष्ट. मग एक बोट मुडपायचास. "आणि एक मोठं कर्ज बुडालं की शंभर चांगल्या कर्जांतली फट त्यात जाते. कर्ज दिलं तेव्हा नफा होत नसतो रे. परत आलं तेव्हा होतो."

मला ते कळायचं नाही असं नव्हतं. मला ते आवडायचं नाही. तुझ्या बोलण्यात गोष्ट नव्हती. राजा नाही, चोर नाही, वाघ नाही. नुसती फट.

मग आबांनी ठेवींवर अर्धा टक्का वाढवला. गावातल्या कुठल्याच बँकेत नव्हता तेवढा दर. मी तर ढोलच बडवला. शास्त्रीनगरपासून अशोक चौकापर्यंत एक दुकान सोडलं नाही. "आपल्या बँकेत पैसा ठेवला की रात्रीत वाढतो, सकाळी उठून बघा, पासबुक फुगलेलं असतंय," असं मी सांगत सुटलो. लोक हसायचे आणि पैसे द्यायचे. माझं कमिशन दीडपट झालं. तुला मी पेढा दिला तर तू तो हातात धरून बसलास.

"ठेवी महाग घेतल्या की कर्ज महाग द्यावं लागतं," म्हणालास. "महाग कर्ज कोण घेतं, सांग?"

"ज्याला गरज आहे तो."

"ज्याला दुसऱ्या कुठल्या बँकेनं दारात उभं केलं नाही तो. आणि ज्याला परत द्यायचंच नाही त्याला दर किती का असेना. तो तर हसत सही करतो."

पेढा तू खाल्लास शेवटी. तेवढं तुझ्याबद्दल खरं सांगायला हवं, गोड तू कधी सोडलं नाहीस.

असा हसत सही करणारा होता आबांचा व्याही. औद्योगिक वसाहतीत त्याचा टॉवेलचा कारखाना. बँकेचं सगळ्यात मोठं कर्ज. एका दुपारी तू माझ्या स्कूटरवर मागं बसलास. म्हणालास, "चल, जरा फिरून येऊ." तुझ्यासारखा माणूस कामाच्या वेळेत फिरायला निघाला म्हणजे जगबुडीच, म्हणून मी निमूट किक मारली. कारखान्याच्या दारावरचा बोर्ड नवा कोरा, चकचकीत, अजून रंगाचा वास. आत शेड रिकामं. तारणाच्या कागदावर चोवीस माग होते. समोर चार. त्यातल्या एकावर कोंबडी बसलेली.

राखणदार खाटेवर पडला होता. तू विचारलंस, "मालक कुठं आहेत?"

"मालक व्हय? मालक मार्चात येत्यात की. बोर्ड रंगवून घेत्यात, फोटू काडत्यात अन् जात्यात."

"आणि माग?"

"ते कवाच भंगारात गेलं. ह्ये चार जड हायत म्हणून ऱ्हायलं."

मी परत येताना हसत होतो. पुढं त्या कोंबडीच्या मी अकरा कोंबड्या केल्या, मग एक मोर घातला, मग राखणदारानं आम्हाला अंडी तारण दिली असंही सांगू लागलो. प्रत्येक वेळी तू मागून म्हणायचास, "कोंबडी एकच होती." लोकांना तेही विनोदच वाटायचं. तू विनोद करत नव्हतास. तू मला अडवत होतास. एकच कोंबडी, चारच माग, एकच कर्ज. ते तसंच्या तसं लोकांच्या डोक्यात राहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं. मी मोर घातला आणि सगळं करमणुकीचं झालं.

दर मार्चला काय व्हायचं ते तू मला समजावून सांगितलंस, म्हणून मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. व्याह्याचं व्याज थकलेलं असायचं. ते भरायला बँक त्यालाच नवं कर्ज द्यायची. त्या नव्या कर्जातून जुनं व्याज भरलं जायचं. बँकेचेच पैसे बँकेच्या दारातून बाहेर पडून खिडकीतून आत यायचे, आणि आत आले की त्यांचं नाव उत्पन्न. उत्पन्न वाढलं की नफा, नफा झाला की घसघशीत लाभांश, लाभांशाबरोबर प्रत्येक सभासदाला एक चादर. अख्खं सोलापूर खूश. नियमानं खरं तर त्या कर्जासाठी नफ्यातून पैसे काढून बाजूला ठेवायला हवे होते. तरतूद म्हणतात तिला. तेवढी तरतूद केली असती तर चादर सोडा, हातरुमाल वाटायलाही पैसे उरले नसते.

आता माझ्या कामाचं सांगतो. पिग्मीचं नव्हे, दुसऱ्या कामाचं. ते तुला ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्याला नसेल.

सहकारी बँकेची वार्षिक सभा ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. व्यासपीठावर हार, खाली सभासद, मागं जेवणाची तयारी. सचिव विषय वाचतात, "विषय क्रमांक तीन, ताळेबंद व नफातोटा पत्रक," आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी ओरडायचं असतं, "मंजूर!" एकदा पहिला आवाज निघाला की दुसरा निघतो, मग सगळा हॉल, आणि प्रश्न विचारायला उठलेला माणूस अर्धवट उभा राहून परत बसतो. तो पहिला आवाज माझा. तेरा वर्षं. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची माझ्यासाठी राखलेली असायची. माझा आवाज म्हणजे काय सांगू, हॉलबाहेर उभी असलेली अक्कलकोटची गाडी कंडक्टरनं घंटी न देताच सुटायची. मला गावात भोंगा म्हणायचे, आणि मी त्यात फुशारकी मानायचो. बदल्यात काय? आबा दर वर्षी खांद्यावर हात ठेवायचे. "बाळू, यंदा तुला कायम करतो." पिग्मीवाल्याला ना पगार ना पेन्शन. कायम हा शब्द ऐकला की माझी जीभ आपोआप सैल व्हायची.

सहा वर्षांपूर्वीच्या सभेच्या चार दिवस आधी तू चहा अर्धा ठेवून बोललास. चहा अर्धा ठेवलेला मी तुला त्या आधी कधी पाहिला नव्हता.

"यंदा ती तरतूद दाखवायलाच हवी, बाळ्या. दाखवली तर तोटा दिसेल. लोक ओरडतील. पण आत्ता झेपेल. चांगली कर्जं आहेत, फट आहे, चार-पाच वर्षांत भरून निघेल. अजून दोन-तीन वर्षं झाकलं तर नाही झेपणार."

"मग आबांना सांग की."

"सांगितलं. म्हणाले, अहवाल छापून झालाय."

"मग?"

"सभेत उभा राहून सांगणार आहे." तू टेबलाकडं बघत होतास. "तू फक्त एक मिनिट गप्प बस. बाकी मी बघतो."

"बसतो," मी म्हणालो. "एक काय, दहा मिनिटं बसतो. तोंडात बोळा कोंबून बसतो."

सभेच्या सकाळी आबांनी मला बाजूला घेतलं. खिशातून पाकिटाचं टोक वर काढून दाखवलं. "ऑर्डर टाईप करून आणलीय. सभा नीट पार पडली की देतो."

तू उठलास. पाचव्या रांगेतून. हातात कागद होता. "सन्माननीय सभासद हो, मी या बँकेचा मुख्य अकाउंटंट. नफातोटा पत्रकात एक रक्कम..."

"मंजूर!"

मी मागं वळून पाहिलं नाही असं मी पुष्कळांना सांगितलंय. खोटं आहे. मी पाहिलं. हॉल माझ्यामागं गर्जत होता, मंजूर, मंजूर, आणि तू उभा होतास. कुणीतरी म्हणालं, "बसा ओ साहेब, जिलेबी गार होतीय." तू कागदाची घडी घातलीस, नीट, दोन वेळा, आणि बसलास.

संध्याकाळी पाकीट उघडलं गेलं. ऑर्डर खरंच टाईप केलेली होती. तुझी मंद्रूपला बदली. मला आबा म्हणाले, "तुझं पुढच्या वर्षी." आणि शिनू, पुढच्या वर्षीही मी ओरडलो. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मंद्रूपला असल्यामुळं तुला ते ऐकू आलं नसेल असं मी मानत आलो.

मंद्रूपला तू काय केलंस ते मी बघून गेलो आहे. बाजाराच्या दिवशी मुद्दाम आलो होतो. शाखेला फरशी नव्हती, पंखा होता तो करकरायचा. तू शिलाई मशीनला, किराणा दुकानाला, दोन म्हशींना कर्ज दिलेलं, आणि प्रत्येकाच्या दारात स्वतः जाऊन बघून आलेला. पैसे परत यायचे. अख्ख्या बँकेत ती एक शाखा खरोखरच्या नफ्यात होती, आणि मुख्य कार्यालयात तिचं नाव शिक्षेची शाखा. बाजारात वांगी निवडता निवडता तू म्हणालास, "बाळ्या, त्या दिवशी सभेत..." आणि मी लगेच एका बैलाची गोष्ट सुरू केली. बैल विजापूरला विकला आणि मालकाआधी घरी आला, वगैरे. तू ऐकून घेतलीस. हसलासही. वांगी घेतलीस आणि निघालास. तुला काय म्हणायचं होतं? मी त्या बैलाला आजवर शिव्या देतोय.

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. सभेनंतर दोन वर्षांनी तपासणीला वरून साहेब आले, त्यांनी कारखान्याच्या बोर्डाकडं न बघता दार उघडलं. महिनाभरात बँकेवर निर्बंध. खात्यात कितीही असो, हातात येणार चिमूटभर. बँकेसमोर रांग लागली, ती रेल्वे स्टेशनपर्यंत गेली होती. बरं, नाही. कोपऱ्यापर्यंत होती. पण त्या रांगेतलं प्रत्येक तोंड माझ्या ओळखीचं होतं, आणि मी समोरच्या औषधाच्या दुकानात आडोशाला उभा होतो. "बँक बुडाली तर मिशी काढीन," असं मी बाजारभर सांगितलं होतं. काढली. कुणाला त्याचं काही नव्हतं.

त्या रांगेत जैनबभाभी होती. शास्त्रीनगरात टॉवेलच्या कडा शिवते, नगावर. नऊ वर्षं तिनं माझ्याकडं रोजचे वीस, नंतर पन्नास भरले. दोन स्वतःची मशीनं घ्यायची होती, आणि एका व्यापाऱ्याची ऑर्डर तिच्या नावावर ठरली होती. दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्यासाठी शिवणं संपणार होतं. निर्बंध आले ते नेमके त्याच आठवड्यात. पुढं ठेवींच्या विम्यातून लहान ठेवीदारांचे पैसे परत आले, नाही असं नाही. पण ते येईपर्यंत ऑर्डर दुसरीकडं गेली, आणि नंतर आलेले पैसे घरभाड्यात आणि दवाखान्यात विरले. ती अजून दुसऱ्याच्या मशीनवर शिवते. तिनं मला एकदाही दोष दिला नाही. उलट दिसलो की हाक मारते, चहा देते. "काय बाळूभाई, आज काय नवीन फेकताय?" मी फेकतो. ती हसते.

बँक बंद झाल्यावर तू अशोक चौकातल्या दोन-तीन यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहायला लागलास. साडेतीनचा चहा परत सुरू झाला. चार वर्षं आपण समोरासमोर बसलो, आणि त्या एका मिनिटाबद्दल एक अक्षर नाही. मी तुझी वाट बघत होतो की तू शिवी देशील. तू बहुतेक माझी वाट बघत असशील. असे दोन शहाणे, एका कपाच्या दोन बाजूंना.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडं गेलो. ठरवून गेलो होतो, सांगून टाकायचं. तुझ्या खोलीत हिशेबाच्या वह्यांना त्यांनी वर्तमानपत्राची कव्हरं घातली होती, मालकांना परत द्यायच्या म्हणून. मी बसलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या सभेत शिनूला बोलू दिलं नाही ते मी."

"मला ठाऊक हाय की भावजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं त्यांनी."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, बाळ्या ओरडला, फार बरं झालं."

"बरं झालं?"

"पाय कापत होते म्हणाले. पुढचं वाक्य तोंडातनं निघालं असतं तर नोकरी गेली असती, आणि पोरीचं लग्न महिन्यावर. तो ओरडला, मला बसायला मिळालं, असं म्हणाले." मग कव्हर घालता घालता, माझ्याकडं न बघता, "नंतर रात्री लई रडले. पण तसं म्हणाले खरं."

शिनू, हे काय करून ठेवलंस? मी सहा वर्षं स्वतःला पापी समजत आलो आणि तू मला तुझी पळवाट केलीस? की मी एक दिवस वहिनींच्या पुढ्यात असा येऊन बसेन हे तुला माहीत होतं, आणि माझी सुटका तू आधीच तयार ठेवलीस? तुझं काही सांगता येत नाही. तू पुढच्या पाच वर्षांचा हिशेब आधी करून ठेवणारा माणूस. दोन्हींतलं काहीही असलं तरी मला राग येतो. पहिलं खरं असेल तर तू भित्रा होतास. दुसरं खरं असेल तर मी तुझ्या दयेवर जगलो. तू माझा मित्र होतास, माझा कर्जदार नव्हतास आणि सावकारही नव्हतास. तुला एकदा माझ्या थोबाडीत मारता आली नसती?

आणि तरी, तुझ्यावर चिडताना माझ्या लक्षात येतं की नफा कशाला म्हणतात हे मला या जगात एकाच माणसानं फुकट शिकवलं. आबांनी मला कायम करायचं आमिष दाखवलं. तू काहीच दाखवलं नाहीस, दोन शाईची बोटं सोडून. तुझ्यापाशी आकडे होते, माझ्यापाशी आवाज. आपल्या दोघांचा मिळून एक धड माणूस झाला असता. तो एका मिनिटासाठी उभा राहिला असता तर कोपऱ्यापर्यंतची ती रांग लागली नसती, किंवा निदान इतकी लांब नसती. आपण तो होऊ दिला नाही. वहिनींनी दिलेली सुटका मी घेत नाही, शिनू. तुझी तुला परत.

म्हणून आज सकाळी शास्त्रीनगरला गेलो. जैनबभाभी मशीनवर होती. बाजूला टॉवेलची थप्पी. मी उंबऱ्यातच बसलो आणि सांगितलं. काही वाढवलं नाही. चार माग, एक कोंबडी, तेरा वर्षांचं ओरडणं, तू मागितलेलं एक मिनिट, पाकीट. सांगताना मला कसंतरीच झालं, उघड्यानं चालल्यासारखं.

ती हसायला लागली. पदरानं डोळे पुसत हसली. "अल्ला! बाळूभाई, आज लई भारी फेकलं की. ते हिशेबवाले साहेब? माझ्या पासबुकात सात रुपयांची चूक निघाली तर घरी येऊन दुरुस्त करून गेले होते ते. असला माणूस तुमच्या एका ओरडण्यानं गप बसतो व्हय?"

"बसला, भाभी."

"राहू द्या."

मी हसलो नाही. गिऱ्हाईक हसलं आणि मी हसलो नाही, असं आमच्यात कधी झालेलं नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग तिचं हसू हळूहळू उतरलं.

"कवाची गोष्ट म्हणला ही?"

"सहा वर्षं झाली."

तिनं थप्पीवरचा वरचा टॉवेल उचलला, कड दुमडली, सुईखाली सारली.

"सहा वर्षं माझ्या हितं चहा पिताय की तुमी," ती म्हणाली, आणि मशीनच्या पायपट्टीवर पाय दाबला.

मी तिथंच बसून राहिलो. एक टॉवेल झाला, दुसरा झाला. मग उठलो, चपला घातल्या, आणि दारात मशीन थांबायची वाट बघितली. थांबलं नाही.